सूचक : श्री. नानाची

मु. खापरझरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ
मंगळवार, कापसाचा दुसरा वेचा चालू

आर्णी मुक्कामी भांड्याच्या दुकानाचे मालक, चार गावांत ज्यांच्या शब्दाले मान हाये असे आमचे साळे उकंडराव यांस, तुमचा भाटवा नानाजी याचा दोन्ही हात जोडून राम राम. इकडचे सगळे खुशाल, तिकडचे खुशाल असान असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर तुमच्या बहिणीले माह्या आधी समजलं असतं.

तुमचा गुडघा कसा हाये? मागच्या खेपेले माळा चढताना तुम्ही जे ‘अयाया’ म्हणले ते अजून माह्या कानात बसून हाये. तिळाचं तेल लावत जा. दुकान बरं चालून राह्यलं असन, लग्नसराई तोंडावर आली. आमच्याकडं कापूस बोंडात बरा भरला, तूर कंबरेच्या वर गेली, सोयाबीनचं मात्र इचारू नका. (इचारलं तर मी सांगत बसीन आन पत्र दोन पाकिटांत टाका लागन.) तुमची बहीण बेबी तब्येतीनं खणखणीत, आवाजानं त्याच्यावरून खणखणीत. प्रेशरची गोळी वेळेवर घेते. मले काहून प्रेशर नाही असं डाक्टरले म्या इचारलं, तर बेबीच मधात बोलली का यांचं प्रेशर हे दुसऱ्यांले वाटून टाकतात.

आता तुम्ही म्हणान, फोन असताना भाटव्यानं पत्र कायले लिवलं? त्याचं असं हाये बाप्पा, माहा उजवा कान कमी झाला तवापासून फोन स्पीकरवर ठेवा लागते. मी इथं ‘हॅलो’ म्हणलं का शेजारची शकुबाई तिकडून ‘कोण हाये’ म्हणून इचारते. आन आजची गोष्ट बेबीच्या कानावर जाऊ नाही असं मले वाटते. म्हणून ते वावरात गेली हाये तवर लिवून टाकतो. एक गोष्ट मात्र सुरुवातीलेच साफ सांगतो, मी तुम्हाले काही मागाले पत्र लिवून नाही राह्यलो. माहा सोभाव तुम्हाले ठाऊक हाये. वशिला, शिफारस, जराशी ओळख काढणं, हे म्या जन्मात केलं नाही आन केलेल्यांले चहा पाजला नाही.

तुम्हाले माहीतच हाये, मी सरकारी खर्चाचा जुना वैरी. तीस वर्षं झाली, खापरझरीची एक ग्रामसभा अशी गेली नाही का जिथं म्या उठून ‘नाही’ म्हणलं नाही. लोक मले खडूस म्हणतात, म्हणू द्या. माहं म्हणणं साधं हाये. पुढारी येते, आपल्याच खिशातून काढलेला रुपया आपल्यालेच वर धरून दाखवते, आपण टाळ्या वाजवतो, आन वरून शाल त्याच्याच आंगावर घालतो. बरं, त्या रुपयाचं होते काय? गेल्या वर्षी मारुतीच्या देवळामागं व्यायामाची लोखंडी झाडं लावली, ओपन जिम म्हणतात त्याले. दिवसभर वाकून कापूस येचणाऱ्या बायांले सरकार म्हणते, या आता, संध्याकाळी कमरेचा व्यायाम करा! शकुबाईनं त्या सायकलीवर गोधड्या वाळू घातल्या आन दांड्याले बकरी बांधली. (बकरी तब्येतीनं सुधारली, हे कबूल केलं पाह्यजे.) त्याच्या आधी वाचनालय झालं. पुस्तकं येणार होती, त्याच्या आधी उंदीर आले.

पण उकंडराव, पैसा गेला त्याचं मले इतकं नाही वाटत. माणूस गेला त्याचं वाटते. तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं आलते तवाची वावराकडं जाणारी पांदण आठवते का? पाऊस लागायच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन निघे, ज्याच्याकडं बैल तो बंडीभर मुरूम टाके, बंजारा तांड्यावरचे लोक एका बाजूनं, आम्ही दुसऱ्या बाजूनं, आन मधात भेटलो का तिथंच भाकर-पिठलं. कोण्या इंजिनेराची सही नाही, कोनशिला नाही. आन आता कोणत्या तरी योजनेत पांदण रस्ता मंजूर होणार अशी नुसती बातमी आली, तर गेल्या उन्हाळ्यात फावडं घेऊन किती जण आले? दोन. एक मी, दुसरा धनसिंग. बाकीचे पारावर बसून म्हणे, नानाजी, कायले घाम काढता, सरकार करून राह्यलं ना! बातमी अजून बातमीच हाये, पांदणीत गुडघाभर चिखल हाये, आन फावडी खुंटीवर.

धनसिंग म्हणजे तांड्याचा नायक, माहा चाळीस वर्षांचा दोस्त, तुमच्या दुकानातून मोठं पितळी गुंड घेऊन गेला तो. खर्चाच्या बाबतीत तो माह्यावरून कडक. त्याचे पणजे बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून सारा मुलूख फिरले, तो म्हणते त्यांले कोण्या सरकारनं रस्त्यात सावली करून देल्ली होती? पण त्याची एक पंचाईत हाये. गावाची सरपंच ममता हे त्याचीच सून. बी.ए. झालेली, हुशार, कोणाले भेत नाही. आन त्यांच्या घरची जुनी रीत अशी का सून सासऱ्याशी तोंडातोंडी बोलत नाही, सासराही सुनेले सरळ काही म्हणत नाही. मधात कोणी तरी लागते. आठ वर्षांपासून तो ‘कोणी तरी’ मी हावो. ‘नानाकाका, बापूले सांगा चहा झाला,’ असं ममता म्हणते, आन बापू माह्या मांडीले मांडी लावून बसला असते. मी सांगतो, बापू चहा झाला. तो म्हणते, सांग तिले साखर कमी टाक. घरात हे ठीक हाये, पण ग्रामसभेत सून खुर्चीवर आन सासरा सतरंजीवर, तर बिचाऱ्यानं इरोध करावा कसा?

तर यंदा पंधरा ऑगस्टले झेंडा झाला आन शाळेच्या पडवीत ग्रामसभा बसली. विषय काय, तर गावाच्या फाट्यावर स्वागत कमान बांधणे, खर्च साडेसात लाख. अबे, खापरझरीत स्वागत कोणाचं करता? एक पोस्टमन येते, एक बकऱ्याचा व्यापारी येते, आन दोघंही कमान नसताना बरोबर घर शोधतात! म्या ठरवलं, आज याले आडवं केल्याशिवाय बसायचं नाही. धोतर सावरून उठलो, खाकरलो, आन सभ्य माणसासारखी सुरुवात केली का ‘माही एक सूचना हाये.’ नेमका तवाच टिनावर पाऊस कोसळला. असा कोसळला का माहं मलेच ऐकू येईना. (माहा कान आन तो पाऊस, दोन्ही मिळून.) पण मी हटलो नाही. पुरी दहा मिनिटं बोललो. जन्मात इतकं चांगलं बोललो नसन. पुढाऱ्यांचं काढलं, बकरीचं काढलं, पांदणीचं तर असं काढलं का माह्याच डोळ्यात पाणी आलं. मी बसलो तसा धनसिंग उठला. सुनेकडं पाहता येत नाही, म्हणून छपराकडं पाहून वरडला, ‘नानाजीचं तेच माहं!’ आन बसला. त्याच्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, काय सांगू तुम्हाले! मी भिजत घरी आलो आन बेबीले म्हणलं, ठार केलं म्या कमानीले. ते चुलीपाशी होती, नुसती हसली. मले वाटलं, कौतुकानं हसली.

आता आमचे ग्रामसेवक नयनराव हे नवे, तरणे, घाईतले. (ग्रामसेवक म्हणू नाही, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणा लागते. नाव लांब झालं, यायचा टाइम तोच.) त्यांच्या हिशोबानं ठरावाले एक सूचक लागते आन एक अनुमोदक. ज्याची सूचना तो सूचक, इतकं सरळ गणित. पावसात त्यांले माह्या दहा मिनिटांतले तीनच शब्द ऐकू आले, ‘माही एक सूचना’. त्यांनी वहीत लिवलं, सूचक नानाजी. धनसिंग म्हणे ‘तेच माहं’, त्यांनी लिवलं, अनुमोदक धनसिंग. ठराव सर्वानुमते मंजूर! आन खाली माही सही. सही माहीच हाये, नाकारत नाही. चष्मा बेबीजवळ होता, आमच्या घरात वाचायचा चष्मा एकच हाये, आन म्या हजेरीची वही समजून सही ठोकली.

दसऱ्याले फाट्यावर गड्डे खोदले तवा मले पत्ता लागला. तवर उशीर झालता. आन गंमत पाहा, खापरझरीत आजवर कोणतंही काम इतक्या लवकर झालं नाही, कारण प्रत्येक कामाले आडवा येणारा माणूस जो होता तो या कामाचा सूचक होता! दिवाळीच्या आत कमान उभी. कमान तरी कशी, वर दोन्हीकडून हातभर पुढं आलेला जाडजूड सलॅब, खाली दोन बाजूले टेकून बसाले सिमेटाचे ओटे. मी म्हणलं, हे कमान हाये का लग्नाचा मांडव? आन बाजूच्या खांबाले काळा चमकदार दगड, त्याच्यावर पिवळ्या अक्षरांत नावं. आडनावं टाकली नाहीत. दगडवाला अक्षराले पैसे घेते, तर नयनरावांनी तिथं काटकसर केली. (म्हणे, तुमचंच ऐकलं काका!) आन दगडवाल्यानं चिठ्ठीवरचं ‘जी’ वाचलं ‘ची’. तर आज जो कोणी आमच्या गावात शिरते, तो आधी वाचते:

सूचक : श्री. नानाची
अनुमोदक : श्री. धनसिंग

नानाची काय? हा प्रश्न आता साऱ्या तालुक्यात इचारल्या जाते. शाळेतले पोट्टे मी दिसलो का एक जण वरडते ‘नानाची!’ आन बाकीचे वरडतात ‘काय?’ घाटंजीच्या गाडीचा कंडक्टर ‘खापरझरी फाटा’ म्हणतच नाही, ‘चला नानाची कमानवाले’ म्हणते, आन दोन माणसं उठतात. परवा पलीकडच्या गावचा एक सरपंच नारळ घेऊन घरी आला. म्हणे काका, आमच्या कमानीचं अडून पडलं हाये, तुमचं वजन हाये वरती, जरा शब्द टाका. माहं वजन! मी त्याले म्हणलं का बाबू, माहं वजन फक्त सोसायटीच्या काट्यावर हाये. तर तो डोळा मारून म्हणते, मोठी माणसं असंच बोलतात. नारळ ठेवून गेला. बेबीनं त्याची चटणी केली.

मी नाव काढाले गेलतो ना, असं नोका समजू का गप बसलो. अर्ज घेऊन नयनरावांकडं गेलो. त्यांनी मोठ्या मायेनं समजावून सांगतलं. नाव काढाचं म्हणजे दगड बदलणं आलं, दगड बदलणं म्हणजे नवा खर्च आला, त्याले तीन कोटेशनं, एक अंदाजपत्रक आन ग्रामसभेचा ठराव. आन ठरावाले सूचक. ‘तुम्हीच व्हा काका, तुम्हाले आता अनुभव हाये.’ म्हणजे माहं नाव सरकारी खर्चातून काढाले अजून सरकारी खर्च! तिथून जो पळालो तो वावरातच थांबलो.

मग आम्ही छन्नी-हातोडा घेऊन भर दुपारी फाट्यावर गेलो, मी आन धनसिंग. म्हणलं, एका घावात दगडच फोडतो. तर धनसिंगनं हात धरला. उकंडराव, या माणसाचं नाव राशनकार्डावर ‘धनाशिंग’ हाये, आधारवर ‘धनसिंघ’ हाये, आन सातबाऱ्यावर तर त्याचा बापही वळखणार नाही असं काही तरी हाये. तो मले म्हणे, नानाजी, सत्तर वर्षांत माहं नाव पहिल्यांदा कोणी बरोबर लिवलं, आन तू त्याच्यावर हातोडा घेऊन आला? माहा हात खाली आला. तो धोतराच्या सोग्यानं दगड पुसत बसला, फक्त आपल्या नावापुरता. रोज पुसते. त्याच्या नावाले चमक आली हाये, माह्या नावावर धूळ हाये.

आता येत्या रविवारी उद्घाटन. कोणी तरी पुढारी येणार, आन मले स्टेजवर बसवून, शाल घालून, माईकवर ‘या कमानीचे जनक’ म्हणणार, असं नयनरावांनी कागदावर लिवून ठेवलं हाये. तीस वर्षं मी ‘नाही’ म्हणालो. माह्याजवळ दुसरं काय हाये सांगा? ना खुर्ची, ना पद. एक नाव होतं का हा माणूस गावाचा पैसा उडू देत नाही. ते रविवारी सकाळी अकरा वाजता, चहा-चिवड्यासकट, पाण्यात जाणार. इतकंच सांगाचं होतं, मन मोकळं झालं. मोठ्यांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद, गुडघ्याले तेल. कळावे.

तुमचा भाटवा,
नानाजी (‘जी’ वाचावे)

ता. क. — एक बारीक काम हाये. तुमच्या दुकानात भांड्यावर नाव टाकाचं ते बारीक मशीन हाये ना, ते घेऊन शनिवारी या. दगडावर चालते का पाहा. ‘ची’चं ‘जी’ कराचं हाये, म्या पाटीवर करून पाह्यलं, दोन रेघांचं काम हाये. तुम्ही म्हणान, भाटवे नाव काढाले निंगाले होते ना? निंगालो होतो. पण काल संध्याकाळी गाडीतून उतरलेली एक अनोळखी बाई ओट्यावर टेकली आन म्हणाली, कोणी बांधली बाप्पा, भलं होवो त्याचं. तुम्हाले खोटं कायले सांगू, मले लय बरं वाटलं. नाव राह्यलं तर राहो, पण बरोबर तरी राहो. हे वशिला नाही, घरचं काम हाये. मशीनले करंट मारुतीच्या देवळातून घेऊ.

ता. क. दुसरा — घात झाला. बेबी चष्मा न्याले वावरातून मधातच आली, आन चष्मा माह्या नाकावर, पत्र माह्या हातात. दोन्ही काढून घेतले. उभ्यानं सारं वाचलं. मले वाटलं आता भांडन. तर ते हसत हसत खालीच बसली, डोळे पुसू पुसू हसली. मग म्हणे, ‘ची’ले हात लावाचा नाही, दगडवाल्यानं बरोबर लिवलं हाये. मी म्हणलं, कसं काय? म्हणे, नानाची कोण? मीच ना? सूचना माहीच होती!

उकंडराव, मे महिन्यात घाटंजीले प्रेशरची गोळी आणाले म्हणून म्या तिले गाडीवर फाट्यापर्यंत नेऊन सोडलं होतं आन परत आलतो. एसटी दीड तास आली नाही. तिथं झाड नाही, आडोसा नाही. तुमची बहीण उन्हात चक्कर येऊन पडली, ममतानं उचलून घरी आणली. मले तिनं ‘जरा गरगरलं’ इतकंच सांगतलं, आन मीही तितकंच ऐकलं. मग बचत गटात तिनं सूचना मांडली का फाट्यावर बायांले बसाले सावली पाह्यजे. ममतानं तपास केला, तर सावलीच्या शेडले सरकारी कागदात पैशाचा हेड, म्हणजे खातंच नव्हतं, कमानीले होतं. म्हणून त्या पोरीनं कमानच अशी काढून घेतली का वर सलॅब आन खाली ओटे. साऱ्या बायांले ठाऊक होतं. पावसात मले ऐकू आलं नाही, पण नयनरावांनी कमान ‘मंजूर’ म्हणलं, त्या टाळ्या बायांच्या होत्या. मी म्हणलं, मले काहून नाही सांगतलं? म्हणे, तुम्हाले सांगतलं असतं तर तुम्ही नाही म्हणाले असते. म्हणालोच असतो. म्या पांदणीसाठी ग्रामसभेत डोळ्यात पाणी आणलं, आन माह्या घरचं माणूस उन्हात पडलं ते म्या पाह्यलं नाही, याची मले लाज वाटून राह्यली. खर्चाच्या बाबतीत माहं मत तेच हाये, बदललं नाही. पण या कमानीपुरतं तोंड बंद.

ता. क. तिसरा, हाच खरा — शनिवारी मशीन आणाच. ‘ची’ राहू द्या. फक्त ‘श्री.’ काळ्या पुट्टीनं बुजवून तिथं ‘सौ.’ टाकाचं हाये. मी म्हणलं, पुरं ‘सौ. बेबी’ टाकू, तर ते म्हणते नोको, उगा अक्षरं वाढवू नोका, गावाले समजते कोण ते. रविवारी स्टेजवरही तेच बसन, मी खाली सतरंजीवर धनसिंगच्या बाजूले. पुट्टीचा खर्च माहा, ग्रामपंचायतीचा एक रुपया लागणार नाही. आन नयनरावांनी ठराव मागतलाच, तर तोही झाला हाये आमच्या चुलीपाशी, सूचक बेबी, अनुमोदक मी.